भिंतीवरचे केस

आमच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळे माळीबुवा म्हणतात. बागेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कुंडीतलं एक रोपसुद्धा त्यांच्या हातून जगलेलं मी पाहिलेलं नाही. पण त्यांनी जन्मभर फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं, आणि एकदा एका टकल्या गिऱ्हाइकाने खूश होऊन म्हटलं, "नापीक जमिनीतही पीक काढता हो तुम्ही!" तेव्हापासून हे नाव चिकटलं, ते चिकटलंच.

रिटचिंग म्हणजे छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशने हलके हलके शाई लावायची. चेहऱ्यावरचा व्रण झाकायचा, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, वाकडी कॉलर सरळ करायची. बाबांची खरी ख्याती मात्र केसांची. खाली स्टुडिओ आणि वर आमचं घर, त्यामुळे जिन्यावरून येता-जाता मला गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकू यायची. टक्कल हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं, "फोटो छान आलाय, फक्त जरा... वरचं बघाल का?" एवढंच म्हणत. बाबा विचारायचे, "कधीपर्यंत होते?" माणूस सांगेल त्या वयाचे केस ते त्याला द्यायचे. एकही जास्त नाही. एका हेडक्लार्कने कपाळावर झुलणारी बट मागितली, तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, ती तुमच्या मनात होती. डोक्यावर कधीच नव्हती."

त्यांचे नियम दोनच. निगेटिव्हला ब्रश लावायचा नाही, जे काय करायचं ते छापलेल्या फोटोवर. आणि निगेटिव्ह बाहेरच्या कुणालाच दाखवायची नाही. "डॉक्टर पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगतो का?" असं ते विचारायचे, आणि वर पुन्हा आपणच उत्तर द्यायचे, "नाही सांगत."

हे सगळं मी कौतुकाने सांगतेय, पण याच कौतुकाने माझ्या घरात आग लावली. ती कशी, ते ऐका.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक भिंत आहे. तिच्यावर बाबांचे वडील, बाबांचे थोरले भाऊ आणि बाबांचे एक काका असे तिघे टांगलेले. तिघांनाही बाबांचं लग्न पाहायला मिळालं नाही, आधीच गेले. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी त्यांना पाहिलं ते फक्त या फोटोंतच. आणि फोटोंत काय केस! काळेभोर, दाट, मागे वळवलेले. सासूबाई दर रविवारी काचा पुसायच्या आणि पुसता पुसता म्हणायच्या, "आमच्या घराण्यात केसांची श्रीमंती." बाबांच्या स्वतःच्या डोक्यावर आजही पांढरं का होईना, रान आहे. माझ्या नवऱ्याचंही बरं चाललंय. म्हणजे पुरावा पक्का.

उलट माझे वडील. माझ्या लग्नाच्या फोटोंत ते फ्लॅशपेक्षा जास्त चमकलेत. सासरच्या मंडळींनी तेव्हा "मुलीकडे उजेड भरपूर आहे" असा विनोद केला होता. मी नवी नवरी, म्हणून गप्प बसले. आता कुणी करून दाखवावा.

तर आमचा मुलगा. तो पोहायला शिकवतो. शहराच्या तलावावर लहान मुलांची बॅच असते, पाण्याला घाबरणाऱ्यांची, ती त्याच्याकडे. तो मुलांना पाण्यात ढकलत नाही. आधी पायरीवर बसवतो, पाय हलवायला लावतो, मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या पाठीखाली हात धरतो आणि गप्पा मारत मारत केव्हा हात काढून घेतो ते त्यांना कळतही नाही. मी एकदा पाहायला गेले होते. एक मुलगी तरंगत होती आणि त्याला तिच्या मांजराबद्दल सांगत होती. आपण तरंगतोय हे तिच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मला इतका अभिमान वाटला की मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं.

तेविशीत त्याचे केस जायला लागले. आधी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून, मग टाळूवरून. उशीवर केस, टॉवेलवर केस, मोरीच्या जाळीत केस. आणि मग काय, घरात वैद्यांचा सुकाळ. सासूबाई म्हणाल्या, तलावाच्या पाण्यात औषध घालतात, ते केस खातं. नवरा म्हणाला, रबरी टोपी घट्ट असते, मुळं गुदमरतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, फार विचार करतो तो. तसा तो अजिबात करत नव्हता, त्यानंतर करायला लागला.

एक दिवस त्याने तलाव सोडला. "केस उरले तर बघू," म्हणाला. खाली स्टुडिओत, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं तिथे, वडिलांच्या हाताखाली पासपोर्ट फोटो कापत बसायला लागला. डोक्यावर कायम कापडी टोपी. घरातसुद्धा, जेवतानासुद्धा. तलावावरून फोन यायचे, मुलं विचारतायत म्हणून, तर हा उचलायचा नाही. माझा मुलगा खुर्चीवर बसून वाळत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

त्याच्या वडिलांना आणि त्याला पुढे घालून मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून त्याचं डोकं पाहिलं, बारीक झालेले केस दाखवले, आणि सरळ सांगितलं, "पाण्याचा यात काही दोष नाही. टोपीचाही नाही."

"मग?" माझा नवरा म्हणाला. "हार्मोन वाढलंय का याचं?"

"नाही हो. रक्त तपासलं तर सगळं व्यवस्थित येईल. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतं. त्यातल्या थोड्याचं शरीर दुसरं एक हार्मोन बनवतं, त्याला डीएचटी म्हणतात. तुमच्यातही बनतं, याच्यातही बनतं. फरक आहे तो मुळांत. याच्या कपाळावरची आणि टाळूवरची मुळं त्या डीएचटीला हळवी आहेत. दर वेळी नवा केस येतो तो आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा आखूड. असं होत होत दिसेनासा होतो. कानामागची मुळं मात्र त्याला भीक घालत नाहीत, म्हणून तिथले केस टिकतात."

"आणि ही हळवी मुळं येतात कुठून?" मी विचारलं.

"जन्मतःच मिळतात. त्यातला एक मोठा जीन आईकडून येतो. पण तो एकटा नसतो. बाकीचे कितीतरी दोन्ही घरांकडून येतात. घरात कुणाला आहे?"

"माझ्या वडिलांना," मी म्हणाले. नवऱ्याने छाती किंचित पुढे काढली. "आमच्याकडे कुणालाच नाही," तो म्हणाला. "फोटो आहेत."

बाईंनी डोक्याला लावायचं औषध लिहून दिलं. गोळीही असते, पण तिचे काहींना त्रास होतात, ते नीट समजून मगच ठरव, असं त्या त्याला म्हणाल्या. औषध लावत राहिलं तर आहेत ते केस टिकण्याची शक्यता बरी, थोडे परतही येतात, पण महिनोन्महिने धीर धरावा लागतो. "आणि पोहणं कशाला सोडलंस?" त्यांनी विचारलं. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

घरी आल्यावर या एवढ्या मोठ्या भाषणातलं सासूबाईंच्या कानात शिरलं ते एकच वाक्य. "आईकडून येतो! मी म्हणतच होते." मी म्हटलं, "आई, दोन्ही घरांकडून येतात असंही त्या म्हणाल्या." तर भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "डॉक्टर काहीही म्हणेल. फोटो खोटं बोलतात का?"

बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मी तेव्हा त्यांच्यावर मनातून चिडले. सुनेच्या माहेरावर खापर फुटतंय आणि हा माणूस पान उलटतोय! त्याहून वाईट हे, की मला माझ्या वडिलांचाच राग आला. लहानपणी ज्या टकलावर मी गाल घासायचे, त्याच टकलाचा. त्या रागाची मला फार लाज वाटली.

मुलाचं मात्र वेगळंच होतं. तो मला म्हणाला, "आई, तुझ्याकडून आलं याचं मला काही वाटत नाही गं. पण रोज उठून त्या तिघांसमोर चहा घ्यायचा. बाबा, आजोबा, पणजोबा, सगळे भरलेले. या घरात बिघडलेला मी एकटाच. डॉक्टर म्हणतात बिघाड नाही. मग मी एकटाच कसा?" औषधाची बाटली तशीच पडून होती. झाकणाचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं.

पुढे जे घडलं ते फक्त आमच्याच घरात घडू शकतं.

स्टुडिओच्या मागे बाबांची डार्करूम आहे. आता तिथे बादल्या, जुने पंखे आणि तुटलेले ट्रायपॉड राहतात. मुलगा तिथे कसलीशी वायर शोधायला गेला आणि त्याला पत्र्याच्या डब्यात बाबांच्या घरच्या निगेटिव्ह सापडल्या. बाबा बाहेरच्या टेबलाशी चहा पीत होते, मी कप न्यायला खाली आले होते. तो खिडकीशी उभा होता, उजेडात एक निगेटिव्ह धरून. टोपी खाली पडली होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"बघ," तो मला म्हणाला. आवाज कोरडा. "पणजोबा. म्हातारे झाले होते तरी डोक्यावर सगळं काळं कुळकुळीत. फक्त कानाजवळ पांढरे."

मी पाहिलं. खरंच, कपाळापासून मागेपर्यंत काळंभोर आणि कानांच्या वर पांढरी झुलपं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे मला माहीत नाही असं नाही. फोटोवाल्यांच्या घरात नांदतेय मी. पण स्वतःविरुद्ध पुरावा शोधत बसलेल्या माणसाला समोर ठेवलेलं सरळ दिसत नाही, आणि त्याच्या आईलाही दिसत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो एवढा मोठा मुलगा रडायला लागला.

बाबांनी कप खाली ठेवला. उठले. नातवाच्या हातातून निगेटिव्ह घेतली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं ते त्यांनाच कळत नसावं.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "निगेटिव्हमध्ये काळं असतं ते उजेड. हे केस नाहीत रे. हे टक्कल आहे."

त्यांनी निगेटिव्ह पुन्हा उजेडात धरली.

"आणि कानाजवळचे पांढरे, ते काळे. तेवढेच होते माझ्या वडिलांना. मी शाळेत होतो तेव्हापासून."

"मग भिंतीवरचे?" मी विचारलं.

"ते माझे," बाबा म्हणाले. "तिघांचेही मीच काढलेत."

माझा नवरा कॉम्प्युटरवरून उठून आला. त्याला सगळं कळल्यावर तो म्हणाला, "द्या इकडे, स्कॅन करून एका क्लिकमध्ये सरळ करतो." बाबा म्हणाले, "नको. ज्याने झाकलं त्यालाच उघडू दे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "त्या बादल्या बाहेर काढ."

डार्करूम साफ करण्यात दुपार गेली. एका जुन्या दुकानदाराकडून फोटो धुवायची पावडर आणली. कागद बाबांच्याच कपाटातला, जुना झालेला. लाल दिवा लागला तेव्हा सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना आत घेऊन आम्ही पडदा लावला.

बाबांनी निगेटिव्ह यंत्रात बसवली, खालच्या कोऱ्या कागदावर उजेड टाकला आणि कागद मुलाच्या हातात दिला. "सोड पाण्यात. आणि ट्रे हलवत राहा, हळू." ते औषधाचं पाणी होतं, पण मुलाने कागद असा सोडला, पाठीखाली हात धरावा तसा. आधी काहीच दिसेना. मग डोळे आले. मग मिशी. मग कानांवरचे केस. आणि त्यांच्या वर काही आलंच नाही. कपाळ वर चढत गेलं ते थेट मागेपर्यंत, मध्ये फक्त एक पातळ बेट राहिलं होतं. माणूस तोंडभर हसत होता, गळ्यात टॉवेल. कागद जुना, म्हणून सगळ्यावर थोडं धुकं होतं.

मुलगा वाकून बघत होता. "हे कोपरे..." तो म्हणाला. त्याने ओल्या हातानेच स्वतःच्या कपाळाचे कोपरे चाचपले. "हे माझेच कोपरे आहेत."

"तंतोतंत," बाबा म्हणाले. "मला माहीत होतं. तुझे पहिल्यांदा दिसायला लागले तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?" हे मी विचारलं. जरा तिखटच विचारलं.

बाबा ट्रेकडे बघत बोलत राहिले. त्यांचे वडील टपाल खात्यात होते. टोपी घालूनच उठत, टोपी घालूनच झोपत. टोपीमुळेच टक्कल पडलं असं लोक म्हणायचे, तरी टोपी सुटली नाही. शाळेत बाबांना चित्रकलेचं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा वडील आले नाहीत. सभागृहात टोपी काढून बसावं लागे म्हणून. बाबा स्टेजवरून दारापर्यंत सगळ्या रांगा शोधत राहिले. हा एकच फोटो टोपीशिवायचा, अंघोळ करून बाहेर आले तेव्हा नवा कॅमेरा घेऊन बाबांनी चोरून काढलेला. वडील गेल्यावर आईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. बाबा नवे नवे रिटचिंग शिकत होते. त्यांनी केस काढले. आई म्हणाली, लग्नात अस्सेच दिसत होते. मग भाऊ गेला, मग काका. त्यांनाही दिले.

"मला वाटलं, त्यांना हवं होतं ते मी दिलं," बाबा म्हणाले. "केस दिले खरे. पण त्यांची लाज मी तशीच ठेवली, काचेत घालून. ती भिंतीवरून उतरून तुझ्या डोक्यावर आली. आणि मी नियम धरून बसलो, निगेटिव्ह दाखवायची नाही म्हणे. घरच्या माणसाला कसला नियम!"

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी मी तुमची शाई पुसत होते?" आणि मग, "बायकोचाच केसाने गळा कापलात की हो!" आधी मुलगा हसला. कितीतरी दिवसांनी. मग आम्हाला कुणालाच हसू आवरेना, त्या एवढ्याशा खोलीत, लाल उजेडात.

वर गेल्यावर सासूबाई माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. माफी मागणं त्यांच्या कुंडलीत नाही. पण संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना बोलाव की एकदा राहायला. बऱ्याच दिवसांत आले नाहीत." मी समजायचं ते समजले. वडिलांना फोन केला तेव्हा मला उगाचच रडू आलं, आणि ते पलीकडून विचारत राहिले, काय झालं गं, काय झालं.

मुलगा लगेच तलावावर गेला असं नाही. ते गोष्टींत होतं. आधी त्याने बाटलीचं सील फोडलं आणि औषध लावायला लागला. गोळी नको म्हणाला, पुढचं पुढे बघू. मग घरात टोपी काढली. मग एक दिवस तलावावरचा फोन उचलला.

पहिल्या दिवशी आम्ही कुणीच जायचं नाही असं ठरलं होतं. पण बाबा कोट घालून, जुना कॅमेरा गळ्यात अडकवून जिन्याखाली उभे, मग त्यांना एकटं कसं सोडणार? आम्ही लांबच्या बाकावर बसलो. तलावाच्या कडेला मुलांची रांग, सगळी दात वाजवत. आमचा पाण्यात कमरेएवढा उभा, डोकं उघडं, ओलं. ओल्या डोक्यावर जे आहे आणि जे नाही ते सगळंच दिसत होतं. आणि व्हायचं तेच झालं. पायरीवरच्या एका चिमुरड्याने मोठ्याने विचारलं, "सर, तुमचे पुढचे केस कुठे गेले?"

सगळी रांग बघायला लागली. मी बाबांचा हात घट्ट धरला.

"माझ्या पणजोबांकडे," तो म्हणाला. "त्यांनी मला वापरायला दिले होते. आता परत मागितले."

चिमुरड्याने गंभीरपणे विचार केला. "सगळे?"

"थोडे ठेवलेत माझ्यासाठी. चल, पाय हलव." आणि तो हसला, तोंडभर, अगदी त्या टॉवेलवाल्या माणसासारखा. माझ्या हातातून बाबांचा हात सुटला आणि मला कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला.

तो फोटो आता भिंतीवर आहे, पणजोबांच्या धुकट फोटोशेजारी. छापून झाल्यावर बाबा बराच वेळ तो टेबलावर ठेवून बसले होते, ब्रश शेजारीच. मी चहा घेऊन गेले तेव्हा मुलाने विचारलं, "आजोबा, काही करायचंय का त्याला?"

बाबांनी चष्मा काढला. "नाही रे," ते म्हणाले. "माझे वडील टोपी काढून शेवटी बक्षीस समारंभाला आलेत. आता मध्ये कशाला बोलू?"

आणि त्यांनी ब्रश धुऊन जागेवर ठेवला.